निर्वंश करावा तर असा

सर्वप्रथम अभिनंदन. नामशेष करायला तुम्ही नदीतला मोत्याचा शिंपला निवडलात, यावरून तुमची वृत्ती किती निरपेक्ष आहे ते दिसतं. वाघाच्या, गेंड्याच्या मागे कोणीही लागतं. त्यात नाव होतं, खटला चालतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. इथे तसलं काही पदरात पडणार नाही. या जिवाला डोळे नाहीत, आवाज नाही, कॅलेंडरवर छापावी अशी पिल्लं नाहीत. वीतभरही नसलेलं काळं-तपकिरी कवच, एका टोकाला झिजून आतला पांढुरका थर उघडा पडलेला, आणि निम्मं अंग नदीतल्या रेवेत रुतवून जागच्या जागी उभं. वाकून पाहिलंत तरी गोटा समजून पुढे जाल. अगदीच नाक पाण्याला लावलंत तर वरच्या कडेला दोन फटी दिसतील, त्यातल्या एकीला बारीक झालर. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर, दिवसाला पन्नास लिटरपर्यंत. फुकट. एवढाच याचा उद्योग.

पत्ता आधी लिहून घ्या, कारण हे काम पुण्यात बसून होणार नाही. शास्त्रीय नाव मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा. राहणार स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या वायव्य भागातल्या नद्या. खाली स्पेन-पोर्तुगालपर्यंत तुरळक, आणि अटलांटिकपलीकडे कॅनडा-अमेरिकेच्या पूर्वेला. पाणी हवं थंड, वाहतं आणि नितळ. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला तेल कंपनीत तुमचा कोणी भाचा-पुतण्या असेलच. तो रविवारी ज्या डी नदीच्या काठाने फिरतो, तिच्यातही हे शिंपले आहेत, आणि त्याच्या नळाला पाणी येतं तेही त्याच नदीचं. त्याला हा लेख पाठवून ठेवा. जागेवर आपला माणूस असलेला बरा.

आता अडचण. हा प्राणी मरता मरत नाही. वडीलधाऱ्यांचा ‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद आपल्याला सहसा लागत नाही, याला लागलाय. शंभरी तो सहज गाठतो आणि उत्तरेकडच्या गार नद्यांत दोनशेच्या घरात जातो. व्हिक्टोरिया राणी गादीवर असताना रेवेत शिरलेला एखादा शिंपला तिच्यानंतरचे पाच राजेराण्या आणि दोन महायुद्धं मागे टाकून आजही तिथेच पाणी गाळत बसलेला असू शकतो. त्यामुळे नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो हे म्हातारे वेचून काढण्याचा. तो विचार सोडून द्या. थोर थोर माणसं त्या वाटेने गेली आणि त्यांनाही काम पुरं करता आलं नाही.

मोत्यांच्या लोभानेच सीझर ब्रिटनवर चालून गेला, आणि मोती तो स्वतः तळहातावर घेऊन तोलायचा, असं लोक म्हणत, हे स्युटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. ब्रिटनचे मोती जडवलेलं उरस्त्राण त्याने व्हीनसला अर्पण केलं. प्लिनी या रोमन लेखकाने मात्र तिथले मोती बारके आणि निस्तेज असतात असा शेरा मारलाय. (देवापुढे ठेवताना हलका माल ठेवायची रीत आपल्याच देवळांत आहे असं मला उगीच वाटत होतं.) जर्मनीतल्या सॅक्सनीत १६२१ साली मॉरिट्झ श्मिर्लर नावाच्या माणसाची सरकारी मोतीवाला म्हणून नेमणूक झाली आणि ते काम पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिलं. वतनच म्हणा. स्कॉटलंडच्या राजमुकुटात तिथल्याच नद्यांचे मोती आहेत. १९६७ साली टे नदीत बिल ॲबरनेथी या मोती शोधण्यावरच पोट असलेल्या गृहस्थाला एक टपोरा मोती मिळाला, तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

जाणता मोतीवाला चिमट्याने शिंपला किंचित फाकवून आत डोकावायचा आणि जिवंत परत ठेवायचा. हौशी लोकांना तेवढा धीर कुठला? सुरी घाल, फेक, पुढचा उचल. हजारो फोडावेत तेव्हा एखाद्यात काही चमकणार. पुष्कळ नद्या अशा रिकाम्या झाल्या, पूर्वसूरींचं ते श्रेय नाकारायचं नाही. पण १९९८ पासून ब्रिटनमध्ये हा शिंपला मारणं, उचलणं, मुद्दाम डिवचणंसुद्धा गुन्हा आहे. तरी काठावर रिकाम्या कवचांचे ढीग अधूनमधून सापडतातच. मग पोलीस, बातम्या, हळहळ. असली नाचक्की तुम्हाला कशाला? सुरी घेऊन पाण्यात उतरणारा चोर हा या क्षेत्रातला हौशी कलाकार. तुम्ही प्रतिष्ठितांची वाट धरा.

त्यासाठी शिंपल्याचा संसार माहीत हवा. उन्हाळा लागला की नर आपलं बीज पाण्यात सोडून देतो आणि प्रवाहात खालच्या अंगाला बसलेली मादी ते पाण्याबरोबर आत ओढून घेते. पत्रिका नाही, पाहण्याचा कार्यक्रम नाही, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. अंडी ती आपल्याच कल्ल्यांत वाढवते आणि उन्हाळा उतरता उतरता एक-दोन दिवसांत सगळी पिल्लं बाहेर सोडते. किती? दहा लाखांपासून चाळीस लाखांपर्यंत. अष्टपुत्रा सौभाग्यवतीने हात जोडावेत. आकड्याला घाबरू नका. एकेक पिल्लू मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्याएवढं, सूक्ष्मदर्शकाखाली झाकण उघड-मीट करणारं. त्याने थोडक्या वेळात सामन किंवा तपकिरी ट्राउटच्या बच्च्याच्या तोंडावाटे त्याच्या कल्ल्यात पोचायचं आणि तिथे चिमटा मारून बसायचं. माशाची कातडी त्याला वेढून घेते, माशाचं फारसं काही बिघडत नाही, आणि याचा हिवाळाभर फुकट मुक्काम. ज्यांना मासा भेटत नाही ती वाहून जातात. दहा हजारांतली नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव अशीच जातात.

जी तगली ती पुढच्या मे-जूनमध्ये मासा सोडतात आणि तळाशी पडतात. पडली तिथे स्वच्छ रेव असेल तर आत शिरायचं आणि पाचेक वर्षं तोंड वर काढायचं नाही. गोट्या-वाळूमधल्या फटींतून जे पाणी झिरपेल, त्यातल्या प्राणवायूवर जगायचं. वयात यायला आणखी सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त.

आलं ध्यानात? वर बसलेल्या म्हाताऱ्याच्या केसालाही धक्का लावू नका. तो कायद्याने संरक्षित आहे, त्याला लांबून नमस्कार करा. तुम्ही फक्त खालच्या फटी बुजवायच्या.

फटी बुजवायला लागतो गाळ, आणि मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यांत पसंत आहे, कारण हिच्यात कोणीच काही केलेलं नसतं. शेतकरी पार काठापर्यंत नांगरतो, जमीन त्याची आहे. गुरं पाण्यावर उतरतात आणि काठ तुडवतात, त्यांना तहान लागते. आयर्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर सूचिपर्णी झाडांची लागवड होते, तिच्यासाठी पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, ओल्या जमिनीत चर खणले जातात. पाऊस झाला की चरातली माती ओढ्यात आणि ओढ्यातली नदीत. तीस-चाळीस वर्षांनी झाडं तोडायला यंत्रं येतात तेव्हा हाच प्रयोग दुसऱ्यांदा. झाडं लावल्याने शिंपले मेले असं भर सभेत सांगून बघा, लोक तुम्हालाच बाहेर काढतील. सगळे आपापलं काम चोख करताहेत, परवाने जागेवर आहेत, आणि नदीच्या तळावर बारीक मातीचा थर बसतोय. मोठा शिंपला वर डोकं काढून आहे, त्याला या मातीने मरण नाही. रेवेच्या आत पाच वर्षं काढायला गेलेलं पिल्लू मात्र गुदमरतं. त्याचा पंचनामा होत नाही. जन्माची नोंदच नव्हती, मृत्यूची कोण करणार?

गाळावर खत पडलं की काम पक्कं. गोठ्यातला शेणकाला, कुरणांवर फेकलेलं नत्र आणि स्फुरद, घराघरांच्या मैलापाण्याच्या टाक्यांतून झिरपणारं काय काय. या सगळ्याचं प्रमाण फार लागत नाही. माणसाने डोळे मिटून प्यावं इतपत चांगलं पाणीसुद्धा या पिल्लाला घाण असतं. शेवाळ माजतं, गोट्यांवर पसरतं, मरतं, कुजतं आणि फटींतला उरलासुरला प्राणवायू खातं. वर काठावर सहलीला आलेली मंडळी म्हणतात, काय छान हिरवंगार आहे!

गाळाने भागलं नाही तर मासा आहेच. शिंपल्याला आपली पोरं प्रवाहाच्या वरच्या अंगाला पोचवायची तर माशाशिवाय दुसरं वाहन नाही. तेव्हा बंधारा बांधा. उंच नको, सामनला उडी मारता येऊ नये एवढा पुरे. शिवाय मासेमारीच्या शौकिनांना खूश ठेवायला इंद्रधनुषी ट्राउट आणून सोडा. मूळचा पॅसिफिक बाजूचा हा मासा गळाला छान लागतो, पण शिंपल्याच्या पिल्लांना त्याच्या कल्ल्यात थारा मिळत नाही. यात आणखी एक खुबी आहे. ज्या माशाने एकदा हा पाहुणचार केला त्याचं अंग पुढच्या खेपेला पिल्लांना झटकून टाकायला शिकतं. म्हणजे यजमान म्हणून कोवळे, नवखे मासेच हवेत, आणि दरवर्षी नवे हवेत. एखाद-दोन मोसम सामन कमी आले की पाळणाघर ओस. २०२३ साली आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जिवांच्या यादीत ब्रिटनमधला सामन संकटग्रस्त ठरला, त्यामुळे या आघाडीवर तुम्ही वेगळे कष्ट नाही घेतलेत तरी चालेल. शिंपले पाणी गाळून देतात म्हणून माशांचं बरं चालतं आणि मासे पोरं सांभाळतात म्हणून शिंपल्यांचं. दोघांपैकी एकाचा पाय ओढला की दुसरा आपोआप पडतो, वेगळं बिल नाही.

पाण्याच्या बाबतीत कंब्रियातल्या एहेन नदीचा अभ्यास करा. इंग्लंडमधली या शिंपल्यांची सगळ्यांत मोठी वस्ती तिच्यात आहे. नदी निघते एनर्डेल तळ्यातून, आणि पश्चिम कंब्रियातल्या गावांना पिण्याचं पाणी वर्षानुवर्षं त्याच तळ्यातून जात होतं. तहानलेल्याला पाणी देणं हे पुण्यकर्म, त्याला नाव कोण ठेवणार? कोरड्या दिवसांत नदी आटली की शिंपल्याची पंचाईत. त्याला एक पाय असतो, तो सरकतोही, पण खोल पाणी गाठायची घाई त्याच्या पिंडात नाही.

त्यावर कडी म्हणजे बेन गिल. डोंगरातून ताजी रेव घेऊन एहेनला मिळणारा हा ओढा १९७०च्या दशकात वळवून तळ्यात सोडला. एका फटक्यात नदीचा रेवेचा पुरवठा बंद! शिंपल्यांच्या वाईटावर कोणी नव्हतं, ते कुणाच्या डोक्यातच नव्हते. असं सहज हातून घडावं लागतं, ठरवून एवढी सफाई येत नाही. अर्थात वाळूच्या बाबतीत आपल्या माणसांना शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही. तिकडे अख्खा ओढा वळवून जे साधलं ते आपल्याकडे दोन जेसीबी आणि चार डंपर एका रात्रीत करतात, सकाळी तलाठ्याला खड्डा दिसतो आणि डंपर दिसत नाहीत. सल्लागार म्हणून कुठून बोलावणं आलंच तर पासपोर्टची मुदत तेवढी तपासून ठेवा.

हवामानाचं मी वेगळं सांगत नाही. तापलेले उन्हाळे आणि एका रात्रीत येऊन रेवेसकट शिंपले उपसून काठावर टाकणारे पूर, हे दोन्ही आता घरपोच मिळतात.

काही विघ्नसंतोषी लोक मात्र तुमच्या आड येतील, त्यांची ओळख करून देतो. इंग्लंडातल्या विंडरमियर तळ्याच्या काठी फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन नावाची एक संस्था आहे. तिने २००७ पासून वेगवेगळ्या नद्यांतले शिंपले आणून सांभाळले आहेत. माशांच्या कल्ल्यांत पिल्लं लावायची, गळून पडली की गोळा करायची, रेवेच्या ट्रेमध्ये वाढवायची, आणि वर्षानुवर्षं मोजत बसायची. माणसं शिकलेली आहेत, घरी पोरंबाळं असतील, पण वागणं हे असं. आणखी काही मंडळींनी बेन गिलचा ओढा २०१४ साली परत नदीला जोडून दिला. एवढ्यावर थांबले नाहीत. एनर्डेलचं पाणी उपसायला लागू नये म्हणून पाणीपुरवठा कंपनीने थर्लमिअर तलावातून सुमारे १०० किलोमीटरच्या जलवाहिन्यांची योजना केली, आणि २०२२ साली एनर्डेलचा उपसा थांबला. एका डोळे नसलेल्या प्राण्यासाठी! जर्मनीत ल्युनेबुर्गच्या माळावर लुटर नावाची लहानशी नदी आहे. तिथे काठच्या जमिनी विकत घेतल्या, गाळ अडवायला खड्डे केले, पिल्लं लावलेले ट्राउट सोडले आणि कित्येक वर्षं चिवटपणे वाट पाहिली. शेवटी रेवेतून कोवळे शिंपले वर आलेच. अशा बातम्या फार पसरू देऊ नका. लोकांना वाटायला लागतं की हे जमू शकतं.

शिंपल्याच्या मादीवरही विसंबू नका. वस्ती फारच विरळ झाली, वरच्या अंगाला नर उरला नाही, तर ती स्वतःच नर-मादी दोन्ही होते आणि एकटीच्या जोरावर पुन्हा लाखो पिल्लं सोडते. म्हणून सांगतो, म्हातारे कमी करून उपयोग नाही. रेव सांभाळा. म्हणजे बिघडलेली सांभाळा.

आता मोजणी, कारण प्रश्न विचारला जाणारच. मध्य युरोपातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिंपले विसाव्या शतकात संपले, तेव्हा तुम्ही काही शून्यातून सुरुवात करत नाही. स्कॉटलंडची स्पे नदी तुम्हाला सिंगल माल्टच्या बाटलीमुळे ठाऊक असेल. शिंपल्याला पूर्ण संरक्षण मिळालं १९९८ साली, आणि १९९८ ते २०१४ या काळात स्पेमधली त्यांची संख्या निम्म्यावर आली. कायद्याने चोराचा हात धरला, बाकी सगळ्यांचे हात मोकळे राहिले. शिवाय चोरांच्या भीतीने या वस्त्यांचे नेमके ठिकाण गुप्त ठेवतात. ते तुमच्या पथ्यावरच पडतं. चोराला कळत नाही तसं काठावरच्या शेतकऱ्यालाही कळत नाही, पुलाच्या ठेकेदारालाही कळत नाही आणि रविवारी गमबूट घालून पाण्यात उतरणाऱ्या कुटुंबालाही कळत नाही.

मोजणी करणारे काचेच्या बुडाची बादली घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि तळ पाहत एकेक मोजतात. त्यांना मोजू द्या. वर दिसणारे शिंपले भरपूर असतात. अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत घालायला सांगा. शिंपल्यांची वयं मात्र कुणी विचारू नयेत. कवचावर वाढीच्या रेघा असतात आणि त्या वाचता येणारा एखादा खडूस माणूस प्रत्येक पथकात असतोच. तो म्हणणार की इथला सगळ्यांत धाकटा शिंपला पन्नाशीच्या पुढचा आहे. त्याला चहा पाजा आणि त्याचं म्हणणं परिशिष्टात टाका. गावात म्हातारी माणसं भरपूर, प्रकृती ठणठणीत, शाळा मात्र पन्नास वर्षांपासून बंद, अशा गावाची लोकसंख्या समाधानकारक आहे असं लिहायला सरकारी कागदाची कधी हरकत नसते.

या कामाची खरी मजा अशी की यात तुम्ही कधी पकडले जात नाही. आज रेव बुजवलीत तर शेवटचा म्हातारा मरायला अजून साठ-सत्तर वर्षं आहेत. चर खणणारा, परवाना देणारा, परवान्यावर आक्षेप न घेणारा, अहवालावर सही करणारा, सगळे सन्मानाने निवृत्त होतील, पेन्शन खातील, नातवंडांना घेऊन त्याच नदीवर जातील आणि पाण्यात बोट दाखवून सांगतील, बघ, तो शिंपला, आमच्या वेळेपासून आहे. ते खोटंही नसेल. पुढे कधी तरी चौकशी समिती नेमली गेली तर तिचं अध्यक्षपद आपल्या घरात कुणाला तरी मिळेल असं बघा. निष्कर्ष काढायची घाई नसते, मानधन चालू राहतं आणि मुदतवाढ मागितली की मिळते.